मागची बाजू

रद्दीवाल्याची हाक जिन्यात ऐकू आली की इतरांच्या घरातून रद्दी बाहेर जाते. आमच्या घरात ती आत येते. गेली सहा वर्षे हा उलटा व्यवहार चालू आहे. तो बिचारा शेजारच्यांची वर्तमानपत्रे तराजूत चढवीत असतो आणि मी त्याच्या पोत्यात डोके घालून बसलेली असते. पाठ सुटलेला शब्दकोश, पहिली चाळीस पाने गळालेली कादंबरी, त्रिकोणांना कुणी मिशा काढलेले भूमितीचे पुस्तक असा ऐवज मी वेचून घेते. "लोक रद्दी विकतात, आमच्याकडे ती विकत घेतात," असे आमच्या घरातून शेजाऱ्यांना ऐकवले जाते. ऐकवणारे गृहस्थ स्वतः मात्र तीस वर्षांची जुनी पंचांगे माळ्यावरून खाली येऊ देत नाहीत, ही गोष्ट ते सांगायला विसरतात.

या रद्दीचे मी करते काय, तर चित्रे. म्हणजे मला चित्र काढता येते असे मुळीच समजू नका. शाळेत मी काढलेल्या गाईला बाईंनी 'हत्ती चांगला आहे' असा शेरा दिला होता. पण ज्याला रेघ काढता येत नाही त्याला कात्री तरी चालवता येतेच. जुन्या फोटोंतली माणसे, फाटक्या पुस्तकांतली पाने, पत्रांचे लिफाफे, लग्नपत्रिका, आगगाडीची तिकिटे हे सारे कापायचे, पुठ्ठ्यावर मांडायचे, सरकवायचे, पुन्हा सरकवायचे आणि मनाजोगते जुळले की चिकटवायचे. याला कोलाज म्हणतात. फ्रेंच भाषेत 'चिकटवणे' या अर्थाचे जे क्रियापद आहे त्यावरून हा शब्द आला. नाव असे परदेशी असले, तरी काम आपल्या ओळखीचे आहे. वहीला कव्हर घालताना आणि पतंगाची फाटकी कड सांधताना आपण सर्वांनी खळीत बोटे बुडवलेली आहेत.

चित्रकलेच्या इतिहासात या प्रकाराचा जन्म १९१२ सालचा धरतात. त्या वर्षी पिकासोने एका चित्रात वेताच्या खुर्चीची वीण रंगवण्याऐवजी तशी वीण छापलेले मेणकापडच चिकटवले आणि भोवती चौकट म्हणून दोरखंड बांधला. त्याच वर्षी त्याचा मित्र ब्राक याने लाकडाच्या रेषा छापलेला भिंतीचा कागद आणून आपल्या चित्रात बसवला. पण मला विचाराल तर या कलेची खरी आजीबाई त्यांच्याआधी सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी होऊन गेली. मेरी डिलेनी या इंग्रज बाईंचा जन्म १७०० सालचा. सत्तरी उलटल्यावर, वैधव्यात, त्यांनी रंगीत कागद कातरून काळ्या कागदावर फुले चिकटवायला आरंभ केला. एकेका फुलाला बारीक बारीक तुकडे किती लागत असतील ते त्याच जाणोत! दृष्टी साथ देईनाशी होईपर्यंत त्यांनी जवळजवळ हजार फुले केली आणि ती आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. साठीनंतर छंद लागला म्हणून मला हसणाऱ्यांना मी ही हकीकत लगेच ऐकवते.

आपल्याकडे तरी हे कुठे नवे आहे? राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला आणि लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या भिंतींवर आल्या. त्या छापील देवींना बायकांनी खरी जर, टिकल्या आणि कापडाची पातळे चिकटवून नटवले. नाथद्वाऱ्यात तर यात्रेकरूंची मोठीच सोय होती. श्रीनाथजींच्या रंगवलेल्या चित्रात दोन्ही बाजूंना भक्तांची शरीरे रंगवायची आणि चेहऱ्यांच्या जागी त्यांच्या फोटोंतले खरे चेहरे कापून बसवायचे. म्हणजे देवाच्या पायांशी आपण कायमचे उभे! शांतिनिकेतनातल्या बिनोदबिहारी मुखर्जींची गोष्ट त्याहून हलवणारी आहे. १९५०च्या दशकात त्यांची उरलीसुरली दृष्टीही गेली. त्यानंतर या चित्रकाराने बोटांनी चाचपून कागद कातरले आणि त्यांची चित्रे जुळवली. त्यांचे शिष्य सत्यजित राय यांनी १९७२ साली त्यांच्यावर एक अनुबोधपटही काढला. डोळ्यांनी न दिसणारे बोटांना दिसते, हे मला तेव्हा नुसते वाचून माहीत होते. त्याचा अर्थ पुढे कळायचा होता.

या छंदातली सगळ्यात मोठी अडचण कात्रीची नाही, मनाची आहे. पुस्तकाला चुकून पाय लागला तरी नमस्कार करायला शिकलेली आपण माणसे. तिथे पुस्तकावर कात्री चालवायची? पहिल्या दिवशी मी एका फाटक्या पाकशास्त्रातले एक पान कापले आणि रात्री मला झोप आली नाही. मग मी स्वतःशी काही नियम ठरवले. धडधाकट पुस्तक कापायचे नाही. पाने गळालेले, कसरीने चाळण केलेले, वाळवीने पोखरलेले, दुसऱ्या कुणाच्याही उपयोगाचे नसलेले तेवढेच आपले. कुणाची अर्पणपत्रिका असलेले पान कापायचे नाही. जुने दिवाळी अंक तर अजिबात नाहीत. १९०९ साली 'मनोरंजन'कर मित्रांनी पहिला दिवाळी अंक काढल्यापासून मराठी माणसाने जे फराळाच्या ताटाशेजारी ठेवले, त्याला कात्री लावण्याची माझी छाती नाही. दीनानाथ दलालांचे एखादे मुखपृष्ठ हाती आले की कात्री आपोआप मिटते.

फोटोंसाठी मात्र मी एकही नियम केला नव्हता. का, ते आज सांगता येणार नाही. पुस्तक म्हणजे सरस्वती. फोटो म्हणजे नुसता कागद, असे काहीतरी डोक्यात असावे.

चिकटवण्याचे शास्त्र मला आमच्या पेठेतल्या एका म्हाताऱ्या बाइंडरने शिकवले. मी पहिल्यांदा त्याच्याकडे गेले तेव्हा माझ्या पिशवीत पांढऱ्या गोंदाची डबी होती. त्याने ती बाजूला सरकवली आणि म्हणाला, "बाई, हा गोंद खुर्चीला बरा. कागदाला खळच पाहिजे. हा एकदा वाळला की कागदाचा जन्म गेला. खळ कशी, पाणी दाखवलं की सोडते. केलेली चूक परत घेता आली पाहिजे." मैद्याची खळ मंद आचेवर सतत ढवळत कशी शिजवायची, ती कोमट होईपर्यंत थांबायचे कसे, किडीसाठी तिच्यात चिमूटभर मोरचूद कसे टाकायचे, आणि मोरचूद विषारी म्हणून तिचे भांडे स्वयंपाकघरात कधी न्यायचे नाही, हे सारे त्यानेच सांगितले. वर्तमानपत्राचा कागद पिवळा का पडतो हेही मला त्याच्या दुकानात कळले. तो लाकडाच्या लगद्याचा असतो आणि लाकडातलेच एक द्रव्य उजेडाने, हवेने पिवळे पडते. चिंध्यांपासून केलेला हातकागद शंभर वर्षांनीही तोंड काळे करीत नाही. "केलेली चूक परत घेता आली पाहिजे," हे त्याचे वाक्य मला तेव्हा नुसते चटकदार वाटले होते.

आता मूळ गोष्ट सांगते.

आमच्या सासूबाईंना गेल्या वर्षी नव्वद पुरी झाली. नव्वदीच्या बाईला द्यायचे काय? लुगडी त्या नेसत नाहीत, गोड चालत नाही, आणि दागिना दिला तर दुसऱ्या दिवशी नातीच्या गळ्यात दिसतो. मी ठरवले, त्यांच्या आयुष्याचे एक कोलाज करायचे. त्यांना न सांगता, वाढदिवसाच्या दिवशी एकदम समोर ठेवायचे. त्यांच्या ट्रंकेत मला एक फोटो मिळाला. १९५१ सालचा, अकरावीतल्या मुलींचा. पाच खुर्च्यांवर बसलेल्या, सहा मागे उभ्या. दोन दोन वेण्या, पुढे घेतलेले शेपटे, आणि फोटोवाल्याने 'हलू नका' म्हटल्यामुळे ताठलेल्या माना. जाड पुठ्ठ्यावर चढवलेला मोठा फोटो शाळेत लागला असणार. मुलींना मिळाली होती ती ही पोस्टकार्डाएवढी साधी प्रत. डावीकडून दुसऱ्या बसलेल्या, हनुवटी किंचित वर केलेल्या, आमच्या सासूबाई. एवढे मी ओळखले आणि मला भरून आले.

मी त्या फोटोतली भिंत आणि पायऱ्या कापून टाकल्या. अकराही मुली तशाच ठेवल्या आणि त्यांच्याभोवती मोडक्या पुस्तकांतली पाने मांडली. कुठे भूमितीचे वर्तुळ, कुठे संस्कृतचे रूपावलीचे कोष्टक, नकाशातली कृष्णा नदी, कारण त्यांचे माहेर वाईचे. नदीचा निळा पट्टा मुलींच्या पायांपाशी आणला. तीन रात्री जागून मी ते पुरे केले. खरे सांगते, इतके चांगले माझ्या हातून कधी काही झाले नव्हते. घरातल्या टीकाकारांनीसुद्धा चष्मा लावून दोन मिनिटे पाहिले आणि काही बोलले नाहीत, म्हणजे पसंत पडले.

वाढदिवसाला औक्षण झाले, आणि मी ते सासूबाईंच्या मांडीवर ठेवले. त्यांनी पाहिले. चेहऱ्यावर एकदम उजेड आला. "अगोबाई, आम्ही सगळ्या!" त्यांचे बोट एका चेहऱ्यावरून दुसऱ्या चेहऱ्यावर गेले, कृष्णेच्या पट्ट्यावरून फिरले. "छान केलंस हो," त्या म्हणाल्या. आणि मग त्यांनी तो पुठ्ठा हातात घेऊन उलटा केला. मागे काय, कोरा पुठ्ठा. त्यावरून त्यांनी हात फिरवला. पुन्हा सुलटा केला, पुन्हा उलटा.

"मागं नावं होती," त्या म्हणाल्या.

तक्रार नव्हती ती. पिशवीत घातलेला रुमाल सापडला नाही की माणूस म्हणते, तसे त्या म्हणाल्या. पण माझ्या पायाखालची जमीन सरकली. तीन रात्रींत मी तो फोटो किती वेळा हाताळला असेन! खळ लावताना तो माझ्यासमोर पालथाच होता. पण पाठीला खळ लावणारा माणूस पाठ पाहत नाही. त्याचे लक्ष कडांकडे असते.

सगळे जेवून उठल्यावर सासूबाईंनी आपणहून हकीकत सांगितली. फोटो मिळाला त्या दिवशी अकरा जणींनी ठरवले की मागे सगळ्यांची नावे लिहून ठेवायची. त्यांच्या बाईंनी बजावले होते, शाईने लिहू नका, पुढे उमटेल, पेन्सिलीने लिहा. त्या उन्हाळ्यात यांचे लग्न झाले. आणि लग्नात नाव बदलले. तांदळाच्या ताटात अंगठीने जे नाव लिहिले गेले त्याच नावाने मी त्यांना पस्तीस वर्षे ओळखते. "एकेकीची लग्नं झाली तशी सगळ्यांचीच नावं बदलली," त्या म्हणाल्या. "कोण कुठल्या नावानं कुठं गेली कळलंच नाही. आता चेहरे दिसतात गं, नावं नाही आठवत. म्हणून मधूनमधून काढून बघायची मी. चेहरा बघायचा, उलटा करून नाव बघायचं."

म्हणजे मी जे चिकटवून टाकले होते ते नुसते हस्ताक्षर नव्हते. त्या अकरा मुली 'त्या' म्हणून जगाच्या पाठीवर जिथे लिहिलेल्या होत्या असा तो कदाचित शेवटचा कागद होता.

त्या रात्री माझ्याकडून दुसरी चूक झाली, आणि ती पहिलीहून वाईट. सगळे निजल्यावर मी दिवा लावून बसले आणि पातळ सुरीने फोटोचा उजवा कोपरा उचकटायला गेले. घाई, दुसरे काय! सकाळी सासूबाईंच्या हातात तो ठेवीन, असे मनात होते. कागद वर आला, पण अर्धाच. वरचा पापुद्रा माझ्या हातात, खालचा पुठ्ठ्याला. तो मी सुरीने खरवडायला गेले तर त्याचा भुगा झाला. भुग्यात पेन्सिलीची करडी चमक दिसली. तेवढ्यावर मी सुरी खाली ठेवली.

सकाळी दुकान उघडायच्या आधी मी बाइंडरच्या पायरीवर होते. त्याने पुठ्ठा पाहिला, कोपरा पाहिला, माझ्याकडे पाहिले नाही. "खळच लावलीत ना?" एवढेच विचारले. मी मान हलवली. "मग मिळेल. फोटो धुऊनच तयार केलेला असतो, जुना छाप पाण्याला एकदम भीत नाही. हातानं रंगवलेला असता तर मी नको म्हटलं असतं. थंड पाणी घ्या, गरम नको, वरचा थर विरघळेल. आणि वरून बोट लावू नका. तो सोडील तेव्हा सोडील. पेन्सिल पाण्यात जात नाही. शाई असती तर गेली असती." मला त्या वाईच्या अनोळखी बाईंचे पाय धरावेसे वाटले.

आधी नातीकडून मोबाइलवर समोरून दोन-चार फोटो काढून घेतले. मग कणकेची मोठी परात घेतली, माठातले पाणी ओतले आणि पुठ्ठा अलगद आत सोडला. सासूबाईंना मी खुर्ची आणून दिली. पहिल्यांदा सुटली ती कृष्णा. निळा पट्टा हलला, तरंगला आणि वर्तुळाच्या अंगावर गेला. मग रूपावलीचे कोष्टक निघाले. एकेक करून माझ्या तीन रात्री पाण्यावर आल्या आणि मी त्या चिमट्याने बाजूला केल्या. मुली मात्र जागच्या हलेनात. पाऊण तास गेला. आम्ही दोघी काही न बोलता परातीकडे पाहत होतो. तळाशी कुठेतरी खळ पांढुरकी होऊन सुटू लागली, आणि मग, कुणी हाक मारावी तशा, अकराही जणी एकदम किंचित वर आल्या.

मी फोटो पालथा करून टीपकागदावर घेतला. पाठीवरची बुळबुळीत खळ मऊ ब्रशने पाण्याखाली सोडवली. खालून अक्षरे वर आली: वळणदार, एकाखाली एक, बसलेल्या आणि उभ्या अशा दोन ओळींत. सासूबाईंना आता बारीक वाचवत नाही. मी वाचत गेले आणि त्या प्रत्येक नावाला 'हं' म्हणत गेल्या. दोन नद्या होत्या, तीन फुले होती, एक देवी होती, एकीचे नाव चक्क बाराखडीतल्या पहिल्या अक्षराने सुरू होणारे म्हणून हजेरीत ती पहिली, असे त्या मधेच म्हणाल्या. बसलेल्यांतले दुसरे नाव मी वाचले तेव्हा त्यांनी 'हं' म्हटले नाही. पदराने डोळे टिपले. ते नाव मी इथे लिहीत नाही. ते त्यांचे आहे.

दहा नावे मिळाली. अकरावे मिळाले नाही. उभ्यांच्या रांगेतली उजवीकडची शेवटची. तिचे नाव माझ्या सुरीने गेले.

"ही," सासूबाई त्या चेहऱ्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हिचं घर घाटाजवळ. कवायतीत नेहमी डावा पाय आधी टाकायची. माझ्या डब्यातली लसणाची चटणी हिला फार आवडायची. एकदा पुरात शाळेला सुट्टी, तर ही आणि मी..." सगळे आठवत होते. नाव तेवढे येईना. मी म्हटले, "आई, माझ्यामुळं गेलं ते." त्यांनी 'असू दे' म्हटले नाही, याचे मला आजही बरे वाटते. थोडा वेळ त्या गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "मला तरी पाठ व्हायला हवं होतं. पण मागं लिहिलंय म्हणून पाठ केलंच नाही बघ."

फोटो टीपकागदांत घालून दिवाळी अंकांच्या गठ्ठ्याखाली आठ दिवस दाबून ठेवला. आता तो एका कोऱ्या वहीत आहे, कोपऱ्यात बसवलेला, केव्हाही काढून उलटता येईल असा. मूळ फोटोला कात्री लावायची नाही, आधी नक्कल काढायची, आणि कुठल्याही कागदाला खळ लावण्याआधी त्याची पाठ वाचायची, असे तीन नियम माझ्या यादीत वाढले आहेत. ट्रंकेतल्या उरलेल्या फोटोंची पाठ आम्ही दोघींनी दुपारी बसून वाचून काढली. ज्यांच्या मागे काहीच नव्हते त्यांच्यावर नावे लिहिली. मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने. तुमच्याही घरी दिवाळीच्या आवराआवरीत असा डबा निघाला असेल. म्हातारी माणसे आहेत तोवर हे एवढे काम उरकून घ्या, असे हक्काने सांगते.

कोलाज मी पुन्हा केले, नकलेवर. कृष्णा पुन्हा मुलींच्या पायांशी आहे. फक्त या वेळी नावे पुढे आणली. सासूबाईंच्या अक्षरातल्या दहा नावांच्या नकला कापून प्रत्येकीच्या खाली चिकटवल्या. अकरावीच्या खाली कोऱ्या हातकागदाची एक पट्टी लावली आहे.

चहाच्या वेळी सासूबाई अधूनमधून भिंतीकडे पाहतात आणि एखादे नाव म्हणून बघतात. मग स्वतःच मान हलवतात, "छे, ही नव्हे." नाव पटले तर शोधाशोध नको, म्हणून चौकटीच्या खिळ्याला दोऱ्याने एक पेन्सिल बांधून ठेवली आहे.